पन्नाशीनंतर डिजिटल चित्रकला: सोलापुरातून सुरुवात करताना

चादरीवरचा मोर मी किती वेळा काढला असेल याची मोजदाद नाही. २६ वर्षं एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ भरायचं काम केलं. जॅकार्डवर, म्हणजे कार्डांच्या हुकमाने नक्षी विणणाऱ्या मागावर, नक्षी विणायची तर आधी ती चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. चौकोन भरला तर उभा धागा वर येणार, कोरा ठेवला तर खाली राहणार. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि कार्डांची माळ मागावर चढायची. मोराच्या मानेचा बाक एका चौकोनाने चुकला तर त्या डिझाइनच्या प्रत्येक चादरीवर चुकायचा.

माझ्या ५२व्या वर्षी ते काम संपलं, कारण ग्राफ संगणकावर निघायला लागले. त्याच सुमारास मुलीने तिच्या लॅपटॉपवर एक फोटो मोठा मोठा करत नेला आणि पडद्यावर चौकोन दिसायला लागले. "बाबा, यांना पिक्सेल म्हणतात," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, हा तर ग्राफ आहे.

आज मी ५८ वर्षांचा आहे. लेबलं, लग्नपत्रिका, टॉवेलच्या किनारी, जत्रेचे फलक अशी कामं घरी बसून करतो. पहिली बरी कमाई व्हायला दीड वर्ष लागलं, हे आधीच सांगतो. तोवर पेन्शन, दुकान, शिवणकाम, जे काही चालू असेल ते सोडू नका. वयाचं म्हणाल, तर १९३७ साली जन्मलेले इंग्लंडचे चित्रकार डेव्हिड हॉकनी २००९ मध्ये आयफोनवर आणि पुढच्या वर्षी आयपॅडवर चित्रं काढायला लागले. जपानचे तात्सुओ होरिउची यांनी निवृत्तीच्या सुमारास चक्क एक्सेलमध्ये, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, निसर्गचित्रं काढायला घेतली, कारण चित्रकलेच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवायचे नव्हते आणि एक्सेल संगणकात होतंच.

खर्चाआधी विषय ठरवा

बहुतेक जण आधी टॅब्लेट घेतात आणि मग काय काढायचं म्हणून इंटरनेटवर शोधत बसतात. तिथे सापडतात डोंगर, सूर्यास्त आणि परदेशी मुलींचे चेहरे. तेच विशीतली पोरंही काढत असतात, आणि त्यांचा हात आपल्यापेक्षा चपळ असतो.

एक वही घ्या. आयुष्यभर ज्या वस्तूंना रोज हात लागला त्यांची यादी करा. युनिफॉर्म शिवणाऱ्याला कोपरापाशी कापडाला चुणी कशी पडते ते न बघता काढता येतं. मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याला ज्वारीचं कणीस कोवळं असताना आणि भरल्यावर कसं दिसतं, कडब्याची पेंढी कुठे बांधतात, हे पाठ असतं. विड्या वळणाऱ्या बाईला तेंदूच्या पानाच्या शिरा डोळे मिटून दिसतात. या यादीतला एकच विषय निवडा आणि महिनाभर पेन्सिलने वहीत काढा, रोज एक पान. घरात बसवत नसेल तर सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी नाही तर भुईकोट किल्ल्याच्या बागेत जाऊन बसा.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या यादीत पहिली वस्तू होती रांगोळी. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते तेव्हा वाटेवर रांगोळ्यांच्या पायघड्या पडतात. बाई त्यात कितीतरी वर्षं उतरायच्या. आता गुडघे वाकत नाहीत. "मी ठिपक्यांचंच काढते," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, यापेक्षा पक्का विषय नाही. त्यांचं पुढे सांगतो.

साधनं कमीत कमी घ्या

पहिले दोन आठवडे हातातला मोबाइल पुरे. आयबिसपेंट हे चित्र काढायचं ॲप फुकट मिळतं, बोटाने काढता येतं. त्यात मन रमतंय असं वाटलं तर पुढचा खर्च.

तो खर्च म्हणजे पडदा नसलेला पेन टॅब्लेट. संगणकाला जोडायची काळी पाटी आणि तिच्यासोबत पेन, बस. हुइऑन, एक्सपी-पेन, वॅकॉम या कंपन्यांचे लहान टॅब्लेट साधारण तीन ते पाच हजारांत येतात. पेनाला चार्जिंग लागत नाही असाच घ्या. घरात जुना संगणक असेल तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क बसवून घ्या आणि रॅम म्हणजे कामाची मेमरी आठ जीबी करा. मुलांनी आयपॅड दिला तर आनंदाने वापरा, त्यावरचं प्रोक्रिएट हे चित्रकलेचं ॲप एकदाच विकत घ्यावं लागतं. पण हप्त्यावर आयपॅड घेऊ नका. हप्ता डोक्यावर असला की माणूस येईल ते काम पडेल त्या भावात घेतो.

पाटी जोडली की पहिला गोंधळ हा: हात खाली, नजर वर. आपल्या वयाला हे अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात चित्र काढूच नका. नुसती गोलं काढा, उभ्या-आडव्या रेघा ओढा, स्वतःची सही करा. मी रोज १०८ वेळा 'श्री' लिहायचो. विसाव्या दिवशी वेलांटी जिथे वळायला हवी तिथे वळली, आणि हात खाली आहे हे लक्षातच आलं नाही.

गोल काढला आणि तो अंड्यासारखा आला तर तुमचा हात चुकलेला नाही. पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचं प्रमाण जुळत नसलं की असं होतं. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये कामाची जागा पडद्याच्या प्रमाणात करून घ्यायची सोय असते, ती चालू करा. मला हे लगेच कळलं ते ग्राफमुळे. कापडात इंचाला उभे धागे जास्त आणि आडवे कमी असतील, तर ग्राफचे चौकोनही त्याच हिशेबाने लांबट छापलेले असतात. साध्या चौकोनी कागदावर काढलेला गोल मोर कापडावर अरुंद आणि उभट होऊन बसतो.

एकच सॉफ्टवेअर, पाच गोष्टी

माझं स्पष्ट मत: क्रिता घ्या आणि वर्षभर दुसरं काही बघू नका. फुकट आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतं, आणि चित्र काढणाऱ्यांसाठीच बनवलेलं आहे. रेघ थरथरत असेल तर ब्रश निवडल्यावर टूल ऑप्शन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, तो लावला की रेघ सावकाश आणि सरळ येते. कापऱ्या हाताला तो मोठा आधार आहे, वापरताना संकोच करू नका.

पहिल्या महिन्यात पाचच गोष्टी शिका: ब्रश लहान-मोठा करणं, मागे फिरणं म्हणजे कंट्रोल-झेड, चित्राचा एक भाग निवडणं, लेअर, आणि सेव्ह करणं. लेअर समजायला अवघड जातं म्हणतात, पण स्क्रीन प्रिंटिंगचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना एका वाक्यात कळेल: प्रत्येक रंगाची जाळी वेगळी, तसा प्रत्येक थर वेगळा. कच्ची रेघ खालच्या थरावर ठेवा आणि तो फिकट करा, पक्की रेघ वरच्या थरावर काढा, रंगाचा थर या दोन्हींच्या मध्ये घाला. काम झालं की खालचा थर बंद करा. सेव्हचं सांगायचं तर वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. क्रितात चित्र उघडून डब्ल्यू दाबा. तुमचं चित्र चारी बाजूंनी पसरतं, जणू कापडाचा तागाच उलगडला. याला रॅपअराउंड म्हणतात. उजव्या कडेबाहेर गेलेली रेघ डाव्या कडेतून आत येते, खाली गेलेली वरून. नक्षीचा जोड कुठे दिसतोय, कुठे फुलांची गर्दी झाली, कुठे भोक पडल्यासारखी मोकळी जागा राहिली, सगळं तिथल्या तिथे कळतं. आम्ही हेच करायला कागद मधोमध उभा-आडवा कापायचो, चारही तुकड्यांची अदलाबदल करून चिकटवायचो आणि मध्ये आलेल्या फटी भरायचो. एका फुलाला अख्खा दिवस जायचा. आता तो दिवस जोड लपवण्यात जात नाही, पाकळी कशी झुकवायची या विचारात जातो.

नक्षीचा तुकडा बसवताना एक नजर शिका: डोळे बारीक करून लांबून बघा. पुनरावृत्तीत आडव्या किंवा तिरक्या पट्ट्या दिसायला लागल्या तर नक्षी चुकली. जवळून कितीही सुंदर दिसत असली तरी अंथरल्यावर आधी पट्ट्याच दिसतात. एक फूल उचलून पाव तुकडा खाली सरकवलं की बऱ्याचदा पट्टी मोडते.

रांगोळीवाल्या बाईंना मी क्रिताचा मल्टिब्रश दाखवला. एक रेघ ओढली की तीच आठ दिशांना उमटते. त्यांनी दोन दिवस तो वापरला आणि बंद केला. म्हणाल्या, "सगळ्या पाकळ्या सारख्या येतात हो, मेल्यासारख्या दिसतात." त्यांचं खरं होतं. हातच्या रांगोळीत ठिपका जरा इकडे-तिकडे असतो, रेघ सुरू होते तिथे दाट आणि सुटते तिथे विरळ असते. आता त्या मल्टिब्रशने फक्त आखणी करतात आणि वरच्या थरावर प्रत्येक पाकळी हाताने ओढतात.

डोळे, खांदा आणि ऊन

चष्म्याचा नंबर वाचनाचा वेगळा आणि पडद्याचा वेगळा. पडदा हातभर लांब असतो, पुस्तक त्याहून जवळ. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचं अंतर मोजून सांगा आणि त्यासाठी वेगळा चष्मा करून घ्या. मी वर्षभर दुहेरी काचेतून मान वर करून बघत काम केलं, मान धरली. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघा. खिडकीतून समोरचा कडुलिंब बघितला तरी चालतं.

पाटी मांडीवर ठेवू नका, टेबलावर कोपर टेकेल अशी ठेवा. रेघ मनगटातून नाही, खांद्यातून यायला हवी. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या: एप्रिल-मे मध्ये दुपारी घामेजला तळवा पाटीला चिकटतो, लॅपटॉप तापून कुरकुरतो. माझी वेळ पहाटे साडेपाच ते साडेआठ. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तीही मोडते, म्हणून आठवड्याला पाचच दिवस धरतो. करंगळी आणि शेजारचं बोट झाकणारा हातमोजा मिळतो, तो जरूर घ्या.

छपाईला जाणारी फाइल

इथे मी सपशेल आपटलो. जत्रेसाठी एक शुभेच्छांचं चित्र केलं, मोबाइलवर सगळ्यांनी कौतुक केलं. एका मंडळाला ते दहा बाय आठ फुटांच्या फलकावर हवं होतं. माझी फाइल होती १०८० बाय १०८० पिक्सेलची. प्रिंटरवाला पोरगा म्हणाला, "काका, हे एवढं मोठं केलं तर फुटतंय की." पडद्यावरचा झळझळीत गुलाबी छापल्यावर विटकरी झाला. आणि अक्षरं? त्याच्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता, 'सिद्धेश्वर'मधली वेलांटी एकीकडे आणि जोडाक्षर दुसरीकडे. चित्र दोन रात्री जागून पुन्हा काढलं.

म्हणून सुरू करतानाच विचारा: हे कुठे लागणार, किती मोठं? हातात धरून बघायच्या वस्तूला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. ए-४ कागद म्हणजे २४८० बाय ३५०८, ए-३ म्हणजे ३५०८ बाय ४९६१. फलक लांबून बघायचा असतो, तिथे प्रत्यक्ष मापात इंचाला ७२ ते १०० चालतात. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवायचे. त्या कामात चित्र जवळून बघायचंच नसतं, रस्त्यापलीकडून बघायचं असतं. तोच हिशेब.

पडदा लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई असते. चमकते गुलाबी, पोपटी, निळे शाईत येतच नाहीत. महत्त्वाचं काम असेल तर आधी हातभर तुकडा छापून बघा, त्याचे पैसे वेगळे द्या.

अक्षरांसाठी मुक्त परवान्याचे युनिकोड फॉन्ट वापरा. मुक्ता आणि बालू दोन्ही देवनागरीत चांगले आहेत. प्रिंटरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये अक्षरांचं चित्रात रूपांतर करून टाका, म्हणजे ती हलणार नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक फ्लेक्सवाल्यांकडे कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर असतं; त्यांना पीडीएफ आणि मोठी पीएनजी अशा दोन्ही फाइली द्या. मूळ थरांची फाइल मात्र कुणाला देऊ नका.

पहिलं काम आणि पैसे

गावातच सुरुवात करा. शेंगाचटणीची पाकिटं, कडक भाकरीचे डबे, युनिफॉर्मचे खिशावरचे बिल्ले, टॉवेलच्या किनारी, पत्रिका, मठ-मंदिरांची दिनदर्शिका. यातल्या कितीतरी वस्तूंवर इंटरनेटवरून उचललेलं चित्र असतं आणि मालकालाही ते खुपत असतं. त्याच्या मालाचं, त्याच्याच दुकानाचं एक चित्र काढून नेऊन दाखवा. बोलण्यापेक्षा ते कागद जास्त बोलतात. बारा चित्रं तयार झाली की ती घेऊन जा, सगळी एकाच विषयाची असली तरी हरकत नाही.

दर कसा काढायचा? महिन्याला तुम्हाला १५,००० रुपये यावेत असं धरा. २० दिवस रोज चार तास म्हणजे ८० तास. यातले निम्मे फोन, फेऱ्या, दुरुस्त्या यांत जातात. उरले ४०. १५,००० भागिले ४०, तासाला ३७५. एका लेबलला सहा तास लागत असतील तर २,२५० रुपये. गिऱ्हाईक कमी करायला सांगेलच. तेव्हा रक्कम कमी करण्याऐवजी काम कमी करा, चार रंगांचं दोन रंगांत करा. निम्मे पैसे आधी, दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरून 'चालेल' असं उत्तर आल्यावरच पेन उचला.

नातेवाइकांची पत्रिका फुकट करायची वेळ येतेच. भाच्या-पुतण्यांच्या केल्या मी. पण तिथेही बिल करून त्यावर 'आहेर' लिहितो, म्हणजे कामाची किंमत सगळ्यांना कळते.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर नुसत्या सेवेसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागत नाही. बिलावर तारीख, कामाचं वर्णन आणि पॅन मात्र असू द्या.

हक्क

१९५७च्या कॉपीराइट कायद्याने चित्र काढताक्षणी त्याचा हक्क चित्रकाराचा होतो, नोंदणी करावी लागत नाही. आपल्याला गाठणारा अपवाद कलम १७ मध्ये आहे: पैसे घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक सांगणारा होतो. म्हणून 'हे चित्र फक्त या लेबलसाठी, हक्क माझ्याकडे' असं आधीच लिहून घ्या. हक्क दिलेच तर किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी तेही लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत.

कापडाच्या माणसांनी आणखी एक गोष्ट नीट वाचावी. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी नक्षी नोंदवली नाही, आणि कारखान्यात ती ५० पेक्षा जास्त वस्तूंवर निघाली, तर त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. चादरीचे ५० नग म्हणजे काहीच नाही. नोंदणी २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली होते, दहा वर्षं टिकते आणि पुढे पाच वर्षं वाढवता येते. पण नक्षी बाजारात किंवा इंटरनेटवर येण्याआधी अर्ज करावा लागतो. कारखानदाराला नक्षी विकणार असाल तर ती आधी इन्स्टाग्रामवर टाकू नका.

आता यंत्रच चित्र काढून देतंय, मग आपलं काय, असं मला रोज कुणीतरी विचारतं. मी नंदीध्वज काढायला सांगून बघितला. बैलाच्या पाठीवर झेंडा लावलेलं चित्र आलं. सातही काठ्या खांद्यावर-कमरेवर पेलत नेणारी माणसं, त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या, हे ज्याने वाटेवर उभं राहून पाहिलंय त्यालाच काढता येतं. शिकायला, रंग सुचवायला यंत्राची मदत घ्या, पण गिऱ्हाइकाला त्याचं चित्र आपलं म्हणून देऊ नका.

गेल्या वर्षी आमच्या बाईंना पहिलं पैशाचं काम मिळालं, दिनदर्शिकेसाठी बारा महिन्यांच्या बारा रांगोळ्या. श्रावणाच्या पानावर नागपंचमीचे ठिपके, पौषात सुगडं. मी सोबत प्रिंटरकडे गेलो होतो. त्याने नमुन्याचं पान पुढे केलं, आम्हाला दोघांनाही बरं वाटलं. बाईंनी पर्समधून वाचायचा चष्मा काढला, पान खिडकीपाशी नेलं आणि ठिपके मोजायला सुरुवात केली. पंधरा ते आठ. कडेचा एक ठिपका कापताना गेला होता. "हे परत छापा," म्हणाल्या, आणि नवं पान निघेपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या.